दीड किलोची लेन्स आणि अंधारातलं काम

कॅनन ईएफ ७०-२०० मिमी एफ/२.८ एल आयएस टू यूएसएम. एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही. काम करणारे सगळे तिला 'सत्तर-दोनशे' म्हणतात, आणि ऐकणारा लगेच विचारतो, "टू पॉइंट एट ना?" लेन्स २०१० च्या जानेवारीत जाहीर झाली, म्हणजे हा काही नव्या मालाचा रिव्ह्यू नाही. पण वापरलेल्या लेन्सच्या बाजारात ती आजही भरपूर फिरते आहे, मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर अडॅप्टर (जोडकडी) लावून व्यवस्थित चालते, आणि "घेऊ का गं?" हा प्रश्न मला अजून येतो. प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

मी नाटकांचे आणि नृत्याच्या कार्यक्रमांचे फोटो काढते. अधूनमधून बंदिस्त कोर्टावरचं बॅडमिंटन. या सगळीकडे फ्लॅश चालत नाही, दिलेली जागा सोडून पुढे सरकता येत नाही, आणि दिवे माझ्या सोयीने लावलेले नसतात. पुढचं सगळं मत या कामातून बनलेलं आहे. तुम्ही सकाळच्या उन्हात पक्षी टिपत असाल तर माझं मत तुमच्या फारसं उपयोगाचं नाही आणि ही लेन्सही नाही. त्याबद्दल खाली लिहिलंय.

बहुतेक जण ही लेन्स '२००' या आकड्याकडे बघून घेतात. लांबचं जवळ दिसावं एवढीच इच्छा असते. तेवढ्यासाठी दीड किलो वागवायची काहीच गरज नाही. पावकिलो-अर्धा किलोच्या कितीतरी झूम लेन्स २००-३०० मिमीपर्यंत सहज जातात. इथे पैसे आणि वजन दोन्ही आपण मोजतो ते '२.८'साठी, म्हणजे लेन्स किती उजेड आत घेते त्या आकड्यासाठी (आकडा लहान तितका उजेड जास्त), आणि तेही ७० पासून २०० पर्यंत कुठेही न बदलणाऱ्या २.८ साठी. साध्या ७०-३०० चं ॲपर्चर, म्हणजे उजेडाचं दार, लांबच्या टोकाला ५.६ वर येतं. २.८ आणि ५.६ मध्ये दोन स्टॉपचं अंतर आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे उजेड चौपट कमी. प्रेक्षागृहात याचा हिशोब फार रोखठोक असतो. २.८ ला मला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की चित्रात दाणे, म्हणजे नॉइज येतो) ३२०० वर १/५०० सेकंदाचं शटर मिळत असेल, तर ५.६ ला एक तर आयएसओ १२८०० करा, नाहीतर शटर १/१२५ वर आणा. १/१२५ ला खुर्चीत बसून संवाद म्हणणारा नट मिळेल. गिरकी घेणाऱ्या नर्तकीचे हात मात्र धुराच्या रेघेसारखे उमटतील.

आता कुणी म्हणेल, हल्ली नॉइज काढणारी सॉफ्टवेअर इतकी चांगली आहेत की आयएसओ १२८०० ला कोण घाबरतं? खरं आहे, मीही वापरते. पण कॅमेरा फोकस शोधतो तेव्हा लेन्सचं ॲपर्चर सहसा पूर्ण उघडं असतं. जितका उजेड आत येईल तितकं फोकस प्रणालीला स्पष्ट दिसतं, आणि आरशाच्या कॅमेऱ्यांत तर काही फोकस बिंदू एफ/२.८ किंवा त्याहून उजळ लेन्सवरच पूर्ण अचूकतेने काम करतात. निळ्या झोतात अर्धवट उजळलेला चेहरा हवा असताना फोकस इकडून तिकडे भटकत राहिला, तर नंतर कोणतंही सॉफ्टवेअर तो क्षण परत आणून देत नाही.

वजनाबद्दल तक्रार सगळेच करतात, मीही करते, पण त्यामागे भूमिती आहे. २०० ला २.८ ने भागा; उत्तर ७१ मिमीच्या आसपास येतं. समोरून पाहिलं तर उजेडासाठी एवढं मोठं दार उघडं दिसायला हवं. म्हणून पुढची काच मोठी आणि फिल्टर ७७ मिमीचा. कोणत्याही कंपनीला यातून पळवाट नाही. आत २३ काचा १९ गटांत बसवलेल्या आहेत, त्यातली एक फ्लोराइटची आणि पाच यूडी काचेच्या. रंगांच्या कडा फाटू नयेत, म्हणजे पांढऱ्या सदऱ्याच्या किनारीला जांभळी रेघ येऊ नये, हे त्यांचं काम. सगळं मिळून १४९० ग्रॅम. बॉडी, म्हणजे कॅमेरा, जोडली की सव्वादोन-अडीच किलो होतात. याच मापाची एफ/४ आयएस (म्हणजे हाताची थरथर सावरणारं स्थिरीकरण असलेली) लेन्स ७६० ग्रॅमची आहे. एका स्टॉपसाठी जवळपास दुप्पट ओझं, असा सरळ सौदा आहे.

पांढऱ्या रंगाचंही सांगून टाकते, कारण लोकांना तो दिखाऊपणा वाटतो. फ्लोराइट उष्णतेने साध्या काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतं. उन्हात काळी नळी तापते, पांढरी कमी तापते. कॅननने फ्लोराइट असलेली पहिली कॅमेरा लेन्स १९६९ मध्ये आणली होती आणि पांढऱ्या लांब लेन्स पुढे त्यांची ओळखच झाल्या. माझ्यासारख्या अंधारात काम करणाऱ्या बाईला मात्र हा रंग त्रासाचाच. मंचावरून उजेड परतून आला की मागच्या रांगेतल्या माणसाला माझ्या हातात ट्यूबलाइट असल्यासारखं दिसत असणार. मी सरळ काळं कापडी आवरण चढवते. निकॉनवाले मित्र या बाबतीत सुखी आहेत.

मला जागा बहुतेक वेळा मंचापासून दहाएक मीटरवर मिळते, मधल्या वाटेच्या कडेला. दहा मीटरवरून फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिमीला साधारण १.८ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच एवढा भाग दिसतो. कॅमेरा उभा धरला की उंच माणूससुद्धा डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम मावतो. त्याच जागेवरून ७० ला पाच मीटरपेक्षा थोडी जास्त रुंदी मिळते: चार-पाच पात्रांचा प्रसंग बसतो, पण पूर्ण नेपथ्य नाही. अख्खा मंच हवा असेल तर दुसऱ्या बॉडीवर २४-७० असावी लागते. हे आकडे पाठ ठेवायची सवय मला फार उपयोगी पडली आहे. जागा कुठे मागायची हे आयोजकांशी बोलताना सांगता येतं, नाहीतर ते आपल्याला प्रेमाने पहिल्या रांगेत बसवतात आणि तिथून सगळे नट हनुवटीच्या खालून दिसतात.

माझ्या जुन्या फोटोंची माहिती चाळली की एक गोष्ट लगेच दिसते. ढीगभर फोटो २०० ला, त्याखालोखाल ७० ला, मधल्या मापांवर तुरळक. मग दोन प्राइम (एकाच मापाच्या, झूम नसलेल्या) लेन्स का घेऊ नयेत? कॅननचीच १३५ मिमी एफ/२ आहे, ७५० ग्रॅमची, एक स्टॉप जास्त उजळ, आणि तिचे चेहरे मला सत्तर-दोनशेपेक्षा देखणे वाटतात. पण नाटकात एकटी उभी असलेली नायिका बोलता बोलता वळते, विंगेतून दोघं येतात, आणि तीन सेकंदांत तिघांचा गट जमून मोडतोही. त्या वेळात लेन्स बदलता येत नाही. पुढेमागे चालताही येत नाही, कारण मी खुर्चीला बांधलेली. झूमचं मोल त्या दोन टोकांत आहे, आणि एका टोकाहून दुसऱ्याला मनगटाच्या एका वळशात जाण्यात.

तो वळसा या लेन्सवर फार छान आहे. झूम केलं तरी नळी लांब होत नाही, सगळी हालचाल आतल्या आत. लांबी कायम १९९ मिमी. त्यामुळे तोल हलत नाही, मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) पुढे कलत नाही, आणि शेजारी बसलेल्याच्या खांद्याला नळी लागत नाही. फोकसची मोटर इतकी शांत आहे की शांत प्रवेशातही कुणी वळून पाहत नाही. आवाज येतो तो आरशाच्या कॅमेऱ्याच्या खटक्याचा, त्यात लेन्सचा काही दोष नाही. मिररलेसवर आल्यापासून तोही प्रश्न संपला.

स्थिरीकरणाबद्दल मात्र जाहिरातीत जेवढं कौतुक असतं तेवढं मी करणार नाही. चार स्टॉपचा दावा आहे, आणि हात स्थिर असेल तर २०० ला १/१५ च्या आसपासही चांगले फोटो मिळतात, हे खरं. पण स्थिर होतो तो माझा हात. समोरचा माणूस हलला तर आयएस काय करणार? नृत्यात १/५०० आणि बॅडमिंटनला १/१००० च्या खाली मी जात नाही. त्या वेगाला आयएसचा फायदा एवढाच की व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थरथरत नाही आणि फोकसचा बिंदू डोळ्यावर टिकवता येतो. संथ प्रवेशांत, नट थांबतो त्या श्वासात, १/८० ला ते खऱ्या अर्थाने कामाला येतं. मोड १ सगळ्या दिशांचं हलणं सावरतो. मोड २ कॅमेरा वळवत पॅनिंग करताना वापरायचा, तेव्हा वळण्याच्या दिशेतली हालचाल तो रोखत नाही. मंचाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावणाऱ्या नर्तकावर १/६० आणि मोड २ लावून पाहा. बरेच फोटो फुकट जातात, पण जमलेला एक बाकीच्यांची भरपाई करतो. ट्रायपॉडवर मी आयएस बंद करते, मोनोपॉडवर चालू ठेवते.

ही सगळी बटणं नळीच्या डाव्या बाजूला ओळीने आहेत आणि बॅगेतून काढताना हमखास सरकतात. मी काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावून टाकते. फोकसची मर्यादा ठरवणारं बटण तेवढं मोकळं ठेवावं: १.२ मीटरपासून किंवा २.५ मीटरपासून अनंतापर्यंत. प्रेक्षागृहात २.५ वर ठेवा, म्हणजे मधे कुणाचं डोकं आलं तरी फोकस अगदी जवळपर्यंत शोधत जाऊन वेळ घालवणार नाही.

आता ज्यासाठी लोक या लेन्सच्या प्रेमात पडतात ती गोष्ट: मागचं सगळं विरघळून जाणं. तीन मीटरवर, २०० मिमी आणि एफ/२.८ ला, फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम चार सेंटीमीटरचा असतो. डोळे शार्प, कान मऊ. पाच मीटरवर तो दहा सेंटीमीटर होतो, दहा मीटरवर चाळीसच्या थोडा वर. एका चेहऱ्यासाठी हे फारच सुंदर. पण नाटकात दोन माणसं बोलत असतात आणि ती क्वचितच एका रेषेत उभी असतात. एक पुढे, एक मीटरभर मागे, असं असलं की मागचा माणूस धुक्यात जातो. कधी तेच हवं असतं. बऱ्याचदा नसतं, कारण मागच्याची प्रतिक्रिया हाच तो प्रसंग असतो. मग उजेड परवडत असेल तर मी ५.६ ला येते. म्हणजे २.८ ची लेन्स घेऊन ५.६ ला फोटो काढायचे? हो. उजेड असेल तेव्हा. रंगीत तालमीत प्रकाशयोजना करणारे थोडे दिवे वाढवायला तयार असतील तर त्यांना विचारावं. प्रयोगात असं काही मागता येत नाही.

इथे एक गैरसमज सतत ऐकू येतो, की टेलिफोटो लेन्स 'अंतर दाबते'. लेन्स काही दाबत नाही. पुढचं आणि मागचं किती मोठं दिसणार हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. त्याच जागेवरून ७० ला फोटो काढा आणि २०० एवढा भाग कापून घ्या: मांडणी तंतोतंत तीच येईल, फक्त बारकावे कमी. लांब लेन्समुळे आपण लांब उभे राहतो आणि लांबून सगळं जवळजवळ आल्यासारखं दिसतं. हे समजलं की लेन्स निवडण्याआधी जागा निवडायची सवय लागते. मंचावरच्या दोन भिंती फार जवळ दिसतायत असं वाटलं तर झूम फिरवून काही होणार नाही, उठून पुढे जावं लागेल.

मागच्या दिव्यांचे गोळे, म्हणजे बोके, मधोमध गोल असतात पण फ्रेमच्या कडेला २.८ वर बदामासारखे चपटे होतात. नळीच्या कडा तिरक्या येणाऱ्या उजेडाचा थोडा भाग अडवतात म्हणून असं होतं. ४ ला आलं की बरेचसे सुधारतात. मला त्याचं काही वाटत नाही. कोपरे २.८ ला किंचित काळवंडतात तेही रंगमंचावर उलट बरं दिसतं, तिथे कोपरे काळेच असतात. शार्पनेसबद्दल मी मुद्दाम एका वाक्यात संपवते: २.८ ला मधोमध इतकी शार्प आहे की फोटो मऊ आला तर आधी शटर आणि फोकस तपासा, लेन्स शेवटी.

समोरून येणारे झोत मात्र हिची परीक्षा घेतात. नटांच्या मागून पडणारा दिवा थेट फ्रेममध्ये आला की चित्र थोडं धुवट होतं, हिरवट ठिपके उमटतात. त्यात कुणी काच वाचवायला म्हणून यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर विचारू नका: प्रत्येक दिव्याचं उलटं भूत फ्रेमच्या दुसऱ्या बाजूला हजर. फिल्टर काढा, हूड (लेन्सच्या तोंडावरचं कडं) लावा. हूड उजेडही अडवतो आणि धक्काही खातो. २०१८ मध्ये कॅननने याच लेन्सची तिसरी आवृत्ती आणली, तिच्यात काचांवरचे लेप सुधारले आहेत, विशेषतः अशा समोरच्या दिव्यांसाठी. काचांची रचना जशीच्या तशी आहे. दुसरी आणि तिसरी यांत भावाचा बराच फरक पडत असेल तर माझं मत दुसरीच्या बाजूने. पहिली आयएस आवृत्ती २००१ ची. ती आता घेऊ नये असं मी सांगते: २०० ला पूर्ण उघड्या ॲपर्चरवर ती दुसरीइतकी धारदार नाही, आणि एवढ्या जुन्या लेन्सचे सुटे भाग मिळवणं हा वेगळाच उद्योग होतो.

एलईडी दिव्यांचं एक वेगळं दुखणं आहे, त्याचा लेन्सशी संबंध नाही, तरी या लेन्सवाल्यांनाच ते जास्त भोवतं कारण आपणच १/१००० ला फोटो काढत असतो. ५० हर्ट्झच्या विजेवर कितीतरी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. एक फोटो उजळ, पुढचा पिवळट काळा. इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर फ्रेमवर आडवे पट्टेच येतात. कॅमेऱ्यात फ्लिकर टाळण्याची सोय असेल तर चालू करा, आणि शांततेची अगदी गरज नसेल तिथे मेकॅनिकल शटर वापरा. लेन्स बिघडली म्हणून दुरुस्तीला पाठवू नका.

पक्षीवाल्यांसाठी आता. दहा मीटरवर बसलेला पंधरा सेंटीमीटर लांबीचा पक्षी २०० मिमीला फ्रेमच्या रुंदीचा बारावा भाग व्यापतो. बारावा! पानांच्या गर्दीत तो शोधावा लागेल. चंद्राची तर गंमतच आहे: २०० मिमीला सेन्सरवर त्याचं बिंब दोन मिलिमीटरचंही भरत नाही, आणि फ्रेमची उंची चोवीस. कॅननच्या क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर दृश्य ३२० मिमी इतकं अरुंद होतं, पण लेन्स काही त्यामुळे लांब होत नाही. १.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मधे बसणारा, माप वाढवणारा काचांचा तुकडा) लावला की २८० मिमी एफ/४ मिळते, हे मी बॅडमिंटनला कधीकधी वापरते आणि गुणवत्तेबद्दल तक्रार नाही. २ पट लावून ४०० मिमी एफ/५.६ होते, तिथे फोकस मंदावतो, धार उतरते, ८ ला आणल्याशिवाय मला समाधान होत नाही. पक्ष्यांसाठीच घ्यायची असेल तर सरळ ४०० किंवा ६०० पर्यंत जाणारी लेन्स बघावी. ही घेऊन वर दोन पट कन्व्हर्टर म्हणजे किंमतही मोजायची आणि २.८ ही घालवायचा.

मिररलेसवर ईएफ लेन्ससाठी कॅननचा अडॅप्टर २०१८ मध्ये पहिल्या ईओएस आर बरोबर आला. आत काच नाही, नुसतं २४ मिमीचं अंतर आणि विजेचे संपर्क, त्यामुळे चित्राची गुणवत्ता घटत नाही. माझ्या अनुभवात फोकस उलट सुधारला. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि बॉडीचा मेळ बसवायला फोकसची सूक्ष्म जुळवणी करावी लागायची, फोकस नाकावर जातोय की कानावर हे तपासण्यात संध्याकाळी जायच्या. मिररलेसवर फोकस थेट सेन्सरवरच ठरतो, त्यामुळे ती कटकट गेली, आणि डोळा ओळखून पकडणं एवढ्या बारीक पट्ट्यात फारच मोलाचं आहे. तोटा एकच, आधीच लांब असलेली लेन्स आणखी लांब होते.

नव्या लेन्स हलक्या आहेत हे नाकारत नाही. कॅननची मिररलेससाठीची आरएफ ७०-२०० एफ/२.८ (२०१९) १०७० ग्रॅमची, बॅगेत १४६ मिमीची होऊन बसते. मी ती मागून आणून वापरली आहे. हातात घेतल्यावर पहिला अर्धा तास मत्सर वाटतो. पण झूम केलं की नळी बाहेर येते, आणि तिला टेलिकन्व्हर्टर बसतच नाही. या दोन्ही गोष्टी लोकांना खुपल्या असाव्यात, कारण २०२४ मध्ये कॅननने नळी न लांबणारी, कन्व्हर्टर घेणारी 'झेड' आवृत्तीही काढली, तीही सुमारे ११०० ग्रॅमची. सोनीच्या ७०-२०० जीएमची दुसरी आवृत्ती (२०२१) पायाशिवाय, म्हणजे ट्रायपॉडच्या कडीशिवाय, १०४५ ग्रॅम आणि नळीही स्थिर, तर निकॉनची झेड माउंटवाली १३६० ग्रॅम. रोज चार-चार तास हातात धरणार असाल आणि पैसे असतील तर नवी घ्या, खांदा दुआ देईल. चित्रांत मला फरक दिसतो तो समोरून दिवा आल्यावर आणि अगदी कोपऱ्यात. नाटकाच्या जाहिरातीत छापून आलेल्या फोटोवरून कोणती लेन्स होती हे मला तरी ओळखता येणार नाही.

आणि ज्यांचं काम दिवसा, मोकळ्यावर, प्रवासात आहे त्यांनी एफ/४ घ्यावी. हे मी अनेकांना सांगितलंय आणि त्यातले निम्मे तरी ऐकत नाहीत, कारण २.८ ला एक रुबाब आहे. मग काही महिन्यांनी लेन्स कपाटात आणि फोनवर फोटो. नुकतंच नाटकांचं काम सुरू करणाऱ्यांना मी ८५ मिमी एफ/१.८ सुचवते: सव्वाचारशे ग्रॅम, २.८ पेक्षा स्टॉपभराहून जास्त उजेड, आणि तालमीत पुढे जाऊन उभं राहू देतात तेव्हा तिच्याने काम भागतं.

वापरलेली घेणार असाल तर जाताना स्वतःचा कॅमेरा आणि एक छोटी बॅटरी (टॉर्च) न्या. दोन्ही टोपणं काढून, ॲपर्चर उघडं ठेवून, एका बाजूने उजेड टाकून दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, निघून या. धुळीचे चार कण असले तर हरकत नाही, फोटोत येत नाहीत. फिल्टरच्या आट्यांना पोचा असेल तर लेन्स पडलेली आहे. मग सपाट भिंतीवरच्या छापील कागदाचे ७०, १३५ आणि २०० ला, २.८ वर फोटो काढून चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ असेल तर आतली काच सरकलेली आहे आणि ती दुरुस्ती स्वस्तात होत नाही. हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळतं म्हणून घाबरू नका, आयएसचा गट बंद असताना थोडा सैल असतो. शटरचं बटण अर्धं दाबून आयएस चालू करा: हलकी घरघर ठीक, पण व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उड्या मारायला लागलं तर नको. झूमची कडी एकसारख्या दाबाने फिरली पाहिजे, मधेच अडकता कामा नये. पाय, म्हणजे ट्रायपॉडची कडी, सोबत आहे ना हे विचारा, बरेच जण ती काढून ठेवतात आणि विकताना विसरतात. ती हवीच. मोनोपॉडवर आडवी-उभी फ्रेम बदलायला ती सैल करून कॅमेरा फिरवता येतो, आणि एरवी पाय वर वळवला की लेन्स उचलून न्यायला मूठ तयार. पट्टाही कॅमेऱ्याला न लावता त्या पायालाच अडकवा, म्हणजे सगळा भार माउंटवर येणार नाही.

घरी आणल्यावर चामड्याच्या किंवा कापडाच्या बंद पिशवीत महिनोन्महिने ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की पुरे. आणि वापरत राहा. उजेडात येणाऱ्या लेन्सला बुरशी कमी धरते, त्यामुळे प्रयोग नसतील त्या दिवसांत मी हिच्याने कोर्टावरचा सराव टिपून येते.